केतकीची रेघ

लग्नाची फिल्म हातात आली त्या दिवसापासून केतकीचा आवाज विट्याला सासरी कुणाला ऐकू येईना. तोंड हलायचं, बांगड्या वाजायच्या, बोलणं मात्र नाही. सासू गल्लीभर सांगत सुटली, "लाखात एक सून! उलटून शब्द नाही." आज तर सासरा तिनं दवाखान्यातली नोकरी सोडल्याचं कळवून टाकणार होता. केतकी नको-नको म्हणत होती. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असं त्यानं धरलं.

येसूआक्काला हे कळलं आणि ती अनवाणीच, लग्नाची फिल्म काढणाऱ्या दिलावरच्या स्टुडिओत शिरली. नात तिची होती, आणि तिच्या घराण्यात मुकं कुणी जन्मलं नव्हतं.

"काय केलंस रं माझ्या पोरीच्या आवाजाचं?"

दिलावरनं फिल्म लावली. केतकीच्या गळ्याशी लावलेल्या माइकच्या आवाजाची पिवळी रेघ पडद्यावर चालली होती. उखाण्यापाशी ती खाली गेली, ती शेवटपर्यंत खालीच.

"आक्का, नवरी उखाणा घेत होती आणि शेजारी तुम्ही मानाच्या साडीवरनं विहीणबाईंची अब्रू काढत होता. सगळं हिच्याच माइकात आलं. म्हणून हितं ठिपका देऊन रेघ खाली ओढली. कीफ्रेम म्हणत्यात."

"आणि वर कुणी घ्यायची? तुझ्या बानं?"

"वर घ्यायचा ठिपका राहिला."

"मग दे की आता!"

"तुमचं भांडणबी ऐकू येईल."

"येऊ दे. पोतेऱ्याला पोतेरं म्हटलं मी."

दिलावरनं ठिपका दिला, रेघ वर ओढली. ती परत पडली. "धरत न्हाई, आक्का. लई दिवस खाली राहून जड झालीया."

येसूआक्कानं पदर खोचला आणि पडद्यात हात घातला. आत ताकासारखं गार होतं. रेघ हाताला लागताच तिनं हिसडा दिला. वाळवणाच्या दोरीसारखी रेघ खिडकीतून निघाली आणि बाजारावरून ताणत थेट विट्याच्या दिशेनं गेली. रेघेतून केतकीचा श्वास ऐकू आला.

"वर घ्या आक्का, आणखी वर!" दिलावर नाचायला लागला. त्यानं कॅमेऱ्याचा स्टँड टेकूला लावला. स्टँड वाकला.

"टेकू चालत न्हाई. ठिपकाच लागतो. जागचा न हलणारा."

"मी कवा कुणाला हलले?"

ती टेबलावर चढली, रेघ डोक्यावर घेतली. टाचांपासून पिवळी होत गेली. गुडघे, कंबर, हनुवटी, सगळं एका जागी गोळा होऊन ठिपका झाला.

विट्यात सासऱ्यानं दवाखान्याला फोन लावला होता. तेवढ्यात घरात आवाज फुटला, "मी नोकरी सोडणार नाही!" फळीवरची ताटं खाली आली. त्यापाठोपाठ दुसरा आवाज: "ही साडी का पोतेरं?"

स्टुडिओतला फोन वाजला. सासराच होता.

"आवाज कमी करा! आत्ताच्या आत्ता!"

दिलावरनं भीत भीत ठिपक्यावर बोट ठेवलं.

ठिपका चावला.