नाकशेठना आलेलं पत्र

साबणाच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकशेठ म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. काम एकच, प्रत्येक कढईतल्या साबणाचा वास घ्यायचा. त्यांनी मान हलवली की वड्या पडायच्या, नाक मुरडलं की कढई परत. नाक तरी कसलं! कढई ढवळणारा सकाळी बायकोशी भांडून आलाय की सासूशी, हे साबण हुंगून सांगत. एकदाच चुकले. तो मेव्हण्याशी भांडला होता. "सासूच्याच घराण्यातला वास तो," असं म्हणून नाकशेठनी तीही चूक मानली नाही.

पण साबण खपेना. दुकानांतून वड्या धूळ खात पडल्या. मग सुटाबुटातली मंडळी आली आणि भिंतीवर कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा चौकोनांचा तक्ता लागला. दर सोमवारी चौकोन जागा बदलायचे. एका सोमवारी तर स्वयंपाकघर जाहिरात खात्याच्या वर जाऊन बसलं आणि आचारी दिवसभर टाय शोधत फिरला.

बुधवारी नाकशेठना पत्र आलं: 'आपली भूमिका नव्या रचनेत विलीन होत असून आपल्या योगदानाचे पुनर्नियोजन करण्यात येत आहे. शुक्रवारपर्यंत सही करून पत्र परत करावे.'

"काढलं का रे मला?" त्यांनी कढईवाल्याला विचारलं.

"छे हो! विलीन म्हटलंय. मोठ्या साहेबांत विलीन होणार तुम्ही. पार्टी द्या!"

तेवढ्यात गोदामातल्या कारकुनाने पाठीवर हात ठेवला. "तब्येतीला जपा आता. सकाळी फिरायला जात जा."

एका खांद्यावर अभिनंदन, दुसऱ्यावर सांत्वन घेऊन नाकशेठ घरी आले. बायकोने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"सोमवारी डबा भरायचा की नाही, तेवढं सांगा."

"ते लिहिलेलं नाही गं."

"मग एवढं लिहिलंय काय?"

त्यांनी पत्र हुंगूनही पाहिलं. शाईचा वास, बस्स.

सही केली आणि तो राजीनामा निघाला तर? नाही केली आणि बढती हुकली तर? शुक्रवारी दुपारी ते कारखान्याच्या माडीवर गेले. कंपनीची सगळी पत्रं तिथल्या बाई लिहीत. बाई टेबलापाशी बसल्या होत्या, पुढ्यात एक कागद.

"बाई, हे तुमच्याच हातचं ना? याचा अर्थ काय?"

"अर्थ लागू नये म्हणून तर तीन दिवस खपले, शेठ. साहेबांचा हुकूमच तसा. कुणी रडायला नको, कुणी भांडायला नको."

"पण तुम्हाला तर ठाऊक असेल!"

"होतं." बाईंनी पुढ्यातला कागद सरकवला. "काल हे मला आलं. कालपासून काही कळेना झालंय. जरा मोठ्याने वाचाल? दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर उमगेल."

नाकशेठनी वाचायला घेतलं. नाव सोडलं तर शब्दन्‌शब्द त्यांचंच पत्र. दोन दिवस त्यांच्या खिशात जे मुकं पडलं होतं, ते बाईंचं म्हणून वाचताच लख्ख बोललं. विलीन म्हणजे नोकरी गेली. पुनर्नियोजन म्हणजे घरी जा.

बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून होत्या.

"काय निघतंय, शेठ?"

नाकशेठनी घसा खाकरला. "काढलं असं कुठंच म्हटलेलं नाही, बाई. देवाशपथ. तुमची आहे."

"खरंच?"

"अगदी."

बाईंनी त्यांचं पत्र उचलून वाचलं, मग आपलं, मग पुन्हा त्यांचं. "अहो, मजकूर तर एकच आहे."

"एकच आहे खरा."

"म्हणजे तुमचीही आहे."

आता हिला ते खरंच वाटलं, की सगळं ओळखून आपलंच खोटं तिने आपल्याला परत केलं? नाकशेठना काही केल्या उलगडेना. विचारायचा धीर होईना.

"सह्या घेणाऱ्या साहेबांनाही आलंय म्हणे पत्र," बाई म्हणाल्या.

"मग सही द्यायची कुणाला?"

"तेच तर."

दोघांनी पत्रं घडी करून ठेवून दिली, सहीशिवाय. खालून कढईवाल्याची हाक आली, "शेठ, साबण थिजतोय!"

"जा, जा," बाई म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे ओढला. नाकशेठ दोन दोन पायऱ्या उतरत कढईकडे धावले.