कोळी कोणी पाहिला?

तिसऱ्या मुलीच्या मांडीवर तसाच लाल फोड दिसला, तेव्हा क्षमा तावडेच्या मनात धर्माकाकांचं नाव पक्कं झालं.

नाहूरच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये ती बारा वर्षं मुलींना कबड्डी शिकवत होती. आधी मीराच्या गुडघ्याखाली, मग हेमांगीच्या कोपरावर, आता विनिताच्या मांडीवर. टणक, गरम, मधोमध काळा ठिपका. "ताई, कोळी चावलाय," असं मीरा पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मोबाइलवर शोधलं तर फोटोही हुबेहूब तसेच.

आता कोळी येणार कुठून? हॉलमागच्या खोलीतून, दुसरं काय! तिथे मॅट गुंडाळून ठेवलेल्या, गणपतीच्या मांडवाचे बांबू, जुन्या सतरंज्या आणि या सगळ्यात धर्माकाका राहायचे. मालवणकडचे, साठी उलटलेले, मंडळाचे राखणदार. मॅट आल्यापासून त्यांची खोली निम्मी झाली होती आणि ते त्यांना आवडलं नव्हतं. तसं त्यांनी तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

"काका, खोली झाडता ना?" क्षमाने विचारलं.

"रोज झाडतंय. माका हंय रवान चार वर्सां झाली. माका कसो नाय चावलो कोळी?"

हेच तर! त्या दिवशी घरी जाताना क्षमाच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. यांना का नाही चावला?

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना काका बुटांचा एक खोका मॅटच्या आड सरकवताना तिला दिसले. तिच्याकडे लक्ष जाताच ते दचकले. ते चहाला गेल्यावर तिने पायाच्या अंगठ्याने खोक्याचं झाकण उडवलं. आत मुलींचे फाटके नीपॅड होते आणि सुईदोरा. चार शिवून झालेले, दोन बाकी. क्षमाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण संशयाला एकदा वाट मिळाली की तो काहीही गिळतो. न सांगता मुलींच्या वस्तूंना हात लावायचं यांना काय कारण, असंच तिच्या मनात आलं.

ती सरळ मंडळाच्या चिटणीसाकडे, परेशकडे गेली. "खोली रिकामी कर, फवारणी करून घे. काकांना थोडे दिवस दुसरीकडे राहू दे."

"त्यांनी काय केलं?"

"केलं असं मी कुठे म्हणतेय? पण मला काही बरोबर वाटत नाहीये, यार."

हे ती मुलींच्या आयांसमोर बोलली. पुढचं त्यांनी आपापल्या मनाने जोडून घेतलं. काका एक पिशवी घेऊन मानखुर्दला बहिणीकडे गेले. जाताना त्यांनी क्षमाकडे पाहिलंसुद्धा नाही. तेही तिला खटकलंच.

फवारणीत चार झुरळं आणि एक पाल निघाली. कोळी एकही नाही. "पळाले असतील," क्षमा म्हणाली.

हॉल आठ दिवस बंद होता. सहाव्या दिवशी आंघोळ करताना तिच्या स्वतःच्या काखेत टणक गाठ हाताला लागली. ती लाल होती, गरम होती. क्षमा ओल्या केसांनी तशीच पलंगावर बसली. हॉलमध्ये तिने सहा दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं. मग हा कोळी तिच्या घरी आला कसा?

त्याच दुपारी विनिताच्या आईचा फोन आला. मुलगी तापाने फणफणली होती, मांडी तट्ट सुजली होती. मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टर मानसींनी फोड चिरून पू काढला, तपासायला पाठवला. क्षमाने त्यांना कोळ्याची सगळी हकीकत सांगितली.

"कोळी कोणी पाहिला?" डॉक्टरांनी विचारलं.

क्षमाने विनिताकडे पाहिलं, विनिताने आईकडे. कोणीच पाहिला नव्हता.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. तो कोळी नव्हताच, जंतू होता. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा, अंगाला अंग लागून, एकमेकांच्या वस्तूंमधून पसरणारा. "असे फोड घेऊन येणारे बरेच जण कोळीच चावला म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे काय काय सामायिक वापरतात?"

"नीपॅड," क्षमा म्हणाली. "सहा जोड्या, चौदा मुली." मग ती थांबली. "आणि टॉवेल."

टॉवेल तिचाच होता. मधल्या सुट्टीत बादलीत बुडवून ती एकेकीचं तोंड, मान, पाय स्वतः पुसायची. मीराचा पहिला फोडही तिनेच दाबून, त्याच टॉवेलने पुसला होता. माझ्या मुलींना वेगळं-बिगळं काही नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

"आता समजलं ते बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. क्षमाला त्यात काही बरं दिसेना.

काखेला पट्टी बांधून ती मानखुर्दला गेली. काका ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"काका, चूक माझी होती. कोळी नव्हताच. परत चला."

"परेशचो फोन इलो होतो. सगळा सांगल्यान." त्यांनी लसूण खाली ठेवला. "हंय येवन माका सांगून काय उपयोग, ताई? तू बोललंस तां त्या बायांच्या समोर. थंयच सांग."

रविवारी हॉलमध्ये मुली आणि त्यांच्या आया जमल्या. काका दाराशी उभे होते. क्षमाने टॉवेलपासून सगळं सांगितलं, काकांचं नाव घेऊन माफी मागितली. फोड आणखी पसरू नयेत म्हणून यंदा जिल्हा संघाच्या निवडीला आपल्या मुली जाणार नाहीत हेही सांगितलं. मुली रडल्या. विनिताच्या आईने मात्र एकच विचारलं, "माझ्या पोरीच्या मांडीत दोन बोटं जातील एवढा खड्डा आहे. नुसती माफी मागून भरणार आहे का तो?"

"नाही," क्षमा म्हणाली.

त्यानंतर दोन मुली कायमच्या सोडून गेल्या. विनिता महिन्याभराने लंगडत परत आली. काका खोलीत राहायला आले, रोज हॉल उघडतात, बंद करतात. क्षमा समोरून आली की मान हलवतात. बोलत मात्र अजून नाहीत.