बाद चिठ्ठ्यांची पेटी

“बाद म्हंजे बाद,” उकंडराव म्हणाले आणि अकरावी चिठ्ठी त्यांनी डाव्या हाताला सारली.

“काहून?” केशरबाईनं विचारलं.

“गाण्याचं नाव न्हाई.”

“गाणं तर हाय की.”

“गाणं वाऱ्यावर असतंय, बाई. कागदावर नाव लागतंय.”

अर्ध्या तासापासून हेच चाललं होतं. डिसेंबर सरत आलेला, सकाळचं ऊन ग्रामपंचायतीच्या ओसरीवर चढत होतं, आणि त्या दोघांच्या मधोमध मी, झाकण उघडं टाकून बसलेली. भांडण माझ्या पोटातल्या चिठ्ठ्यांवरून, आणि मला मात्र कुणी एका शब्दानं विचारत नव्हतं. सव्वीस वर्षं कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारताच सांगते.

मी मतांची पेटी बोलतेय. निवडणुकीची नव्हे. त्या पेट्यांना लाखेचं सील असतं, दाराशी पोलीस असतो, वर गाडीतून मिरवणूक. मी गाण्यांच्या मतांची. माझ्या दाराशी फार तर एखादी कोंबडी उभी राहते.

मूळची मी पंधरा किलोचा शेंगदाणा तेलाचा डबा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सोनाजी म्हणून एक पत्र्याच्या वस्तू करणारा बसायचा, त्यानं मला उभं कापलं, ठोकून सपाट केलं आणि पुन्हा पेटीच्या आकारात वळवलं. झाकणाला बोटभर फट पाडली. फटीच्या कडा त्यानं आत मुडपल्या, एक कोपरा तेवढा राहून गेला. दरसाल मोजणीच्या दिवशी उकंडरावांच्या बोटाला तो कोपरा लागतो. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

मला करून घेतलं तेही उकंडरावांनीच. सिद्धेश्वरच्या धरणापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं त्यांनी रेडिओ श्रोता संघ काढला आणि ते अध्यक्ष झाले, ते आजतागायत आहेत. वर्ष संपायला आलं की रेडिओ केंद्रावरून ‘साल सरता सरता’ नावाचा कार्यक्रम होतो. वर्षभरात वाजलेल्या गाण्यांतलं तुमचं आवडतं कोणतं, ते श्रोत्यांनी कळवायचं. सगळ्यांत जास्त मतांची एकवीस गाणी निवडतात आणि एकविसावं आधी, पहिलं शेवटी, अशी उलट्या क्रमानं लावतात. गाण्याआधी मतं देणाऱ्यांची नावं वाचतात, गावासकट. ज्याचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं उमटलेलं नाही, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट असते, ते शहरातल्या माणसाला समजावून सांगायची तकलीफ मी घेणार नाही.

गावातल्या प्रत्येकानं माझ्यात एक चिठ्ठी टाकायची. मोजणी करून संघानं एक यादी करायची आणि पाकिटात घालून केंद्राला धाडायची. यादीत पहिलं कोणतं, दुसरं कोणतं, यावरून आठ दिवस पारावर बोलणं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण पोटात कागद पडत गेले, तशी अक्षरं कळत गेली. ‘ग’ मला आधी आला, कारण प्रत्येक चिठ्ठीत तो असायचा. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून जोडाक्षरं शिकले. आज मी कुणाचंही अक्षर वाचते आणि अक्षरावरून माणूस ओळखते. उकंडराव चष्मा लावून वाचतात आणि तरी ओळखत नाहीत.

वर्षातले अकरा महिने मी त्यांच्याच घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर. माझ्यात काय काय ठेवलं म्हणून सांगू. रेडिओचे संपलेले सेल, तुरीचं बियाणं, दिवाळीच्या उरलेल्या पणत्या. एक साल तर उंदरानं संसार थाटला. डिसेंबर लागला की उकंडराव बाहेरून हाक मारायचे, “भागवतची माय, पेटी काढ.” मग त्यांच्या पत्नी सिंधूबाई मला खाली घ्यायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, तळाला नवं वर्तमानपत्र घालायच्या. पुसून झालं की दाराकडं एकवार बघून पदराच्या गाठीतली एक चिठ्ठी फटीतून आत सोडायच्या. बांगडी पत्र्याला लागून बारीक आवाज व्हायचा. दरसाल पहिलं मत त्यांचंच. हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला.

आणि दरसाल ते मत बाद व्हायचं.

कारण उकंडरावांचा नियम. चिठ्ठीवर गाण्याचं नाव पाहिजे. चिठ्ठी निनावी असली तरी चालेल, पण गाणं निनावी चालायचं नाही. त्यांच्यावर अन्याय करत नाही मी. माणूस खोटा नाही. दुसऱ्या एका गावच्या संघानं एकाच हातानं दोनशे चिठ्ठ्या भरल्या होत्या, तेव्हापासून यांना धाक बसला. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाच्या चिठ्ठीवर एक काना वाढवला नाही की एक मात्रा खोडली नाही. पण सरळ माणसाचा हट्ट हा लबाड माणसाच्या लबाडीपेक्षा जड. लबाडाला पकडता तरी येतं.

नाव लिहीत नव्हत्या त्या बहुतेक बाया. का लिहीत नव्हत्या? निवेदक गाण्याचं नाव सांगतो ते गाण्याच्या आधी. तेव्हा बाईचा हात कामात आणि कान लेकराकडं. गाणं सुरू झाल्यावर कान तिकडं जातो, तोवर नाव निघून गेलेलं. मग तिनं काय लिहायचं? ऐकलं कुठं, कधी, ते लिहायचं. “कापूस वेचताना लागलं ते.” “मावशी वारली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं.” अशा चिठ्ठ्या.

लिहिलेला कागद पायदळी जाऊ नये, ही उकंडरावांची श्रद्धा. म्हणून बाद चिठ्ठ्या ते फेकत नसत. माझ्या तळाचं वर्तमानपत्र उचलायचं आणि त्याखाली सारायच्या. वर पुढच्या साली नवं वर्तमानपत्र. झालं. अशा दीडशेच्या वर चिठ्ठ्या माझ्या पोटात साचल्या. बिनचूक, ठसठशीत, जिवापाड लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि मी पत्रा. किती वेळा वाटलं, झाकण आपटून बोलावं. झाकण आपटलं की लोक म्हणायचे, वारा सुटला.

यंदा मात्र मोजणीला केशरबाई आली. गावाच्या वरच्या अंगाला मेंढ्यावाल्यांची वाडी आहे, तिथली ही म्हातारी. गळ्यात पिशवी, पिशवीत छोटा रेडिओ, मागं साठ-सत्तर मेंढ्या, असं तिचं चालणं. नातवाच्या पाटीवर चोरून अक्षरं गिरवली, वयाच्या साठीत. म्हणजे माझ्याच शाळेतली म्हणायची. मोजणीला बाई येण्याचा रिवाज नाही. तिनं रिवाज विचारलाच नाही; पायरी चढली आणि खांबाला टेकून बसली.

ती आली त्याला कारण होतं. केंद्राचं पत्र आलं होतं की पुढच्या सालापासून पाकिटं बंद, मतं मोबाइलवरूनच. वाडीतल्या बायांकडं मोबाइल आहे, पण तो पोरांच्या खिशात. म्हणजे ही शेवटची यादी. यात गेलं ते गेलं, राहिलं ते कायमचं राहिलं. आणि यादी अकराच्या एसटीनं जायची होती.

उकंडरावांचं आवडतं गाणं नऊ मतं घेऊन पुढं होतं. त्यांनी बाद चिठ्ठ्या वाचायला घेतल्या, जरा करमणूक म्हणून. ओसरीवरचे गडी आधीच हसायला बसले होते.

“दुपारच्या बायांच्या कार्यक्रमात लागतं, मेंढ्या बसल्यावर, ते.” बाद. “सोयाबीन काढताना लागलं, इळे ठिवून ऐकलं, ते.” बाद. “वारंगा फाट्यावर जीप भरायची थांबली तव्हा डायवरनं लावलं, उतरू वाटंना, ते.” हशा, आणि बाद. “बाई म्हणते मी येईन पण मला कुणी बोलवाय आलं पायजे, ते.” बाद. असं करत दहा झाल्या. अकरावी त्यांनी जरा लांब धरून वाचली. “जे लागलं की आमचे मालक केंद्र बदलतात, ते. अर्धंच ऐकलं हाय.”

“कोण मालक हाय रं हा,” उकंडराव म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर तेही हसले.

चहाची किटली घेऊन सिंधूबाई खांबाच्या आड उभ्या होत्या. त्यांनी दुसऱ्या हातानं पदराची रिकामी गाठ चाचपली. कुणाचं लक्ष नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पत्रा.

तेव्हा केशरबाई म्हणाली, या अकराही चिठ्ठ्या एकाच गाण्याच्या आहेत. मी वाडीत, शेतात, जीपमध्ये सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. गुरुवारी दुपारी सव्वादोनला लागतं ते गाणं. अकरा मतं म्हणजे नवावर दोन. यादीत पहिलं आमचं.

संघाचे सचिव शिवप्रसाद गुरुजी मऊ माणूस. ते म्हणाले, बाई, गुणगुणा, मी मोबाइलवर नाव शोधतो, लिहून टाकू. उकंडरावांनी त्यांना तिथंच अडवलं. चिठ्ठीवर मागून नाव घालणं म्हणजे भेसळ. आज हे चाललं तर त्या दोनशे चिठ्ठ्यावाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? केशरबाई म्हणाली, नाव घालूच नका, आहे तसं धाडा. ते म्हणाले, नाव नसेल तर केंद्राला कळणार कसं, कोणतं ते? ज्याला नाव नाही, त्याची ओळख नाही. आणि खांबाकडं मान वळवून म्हणाले, “भागवतची माय, चहा बघ.”

यापुढं वाद मिटला. कसा, ते शेवटी सांगते, कारण त्याच्यानंतर सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरत नाही. आधी बाकीचं ऐका.

यादी गेली. पहिल्या नंबरावर कुठलंच नाव न घालता गुरुजींनी लिहिलं, “बाई म्हणते मी येईन पण मला कुणी बोलवाय आलं पायजे, ते, गुरुवारी सव्वादोनचं.” खाली मतं देणाऱ्यांची नावं हवी होती. दहा नावं केशरबाईनं उभ्या उभ्या सांगितली. अकरावं तिनं मुद्दाम सोडलं. तेव्हा सिंधूबाईंनी किटली खाली ठेवली आणि गुरुजींना आपलं नाव सांगितलं. गुरुजींनी पेन थांबवून वर पाहिलं आणि मग लिहिलं. उकंडरावांच्या बोटाला माझा कोपरा लागला होता, ते बोट तोंडात धरून बसले होते.

केंद्रानं गाणं बराबर ओळखलं. पण आनंदानं नाचावं, असं काही झालं नाही. साऱ्या जिल्ह्याच्या मतांत ते एकोणिसावं आलं. निवेदिकेनं आमच्या गावाचं नाव चुकीचं वाचलं. आणि दुसरं कडवं सुरू होतंय तोवर बातम्यांची वेळ झाली, गाणं कापलं. सिंधूबाईंचं पुन्हा अर्धंच ऐकून झालं. उकंडरावांनी त्या दिवशी केंद्र बदललं नव्हतं हो. केंद्रानंच घात केला. पण त्याआधी अकरा नावं वाचली गेली, आणि त्या घराच्या भिंतींनी सिंधूबाईंचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता संघ उरला नावाला. उकंडरावांनी मला स्वतः डोक्यावर घेऊन वाडीवर आणून दिलं. केशरबाई माझ्यात लोकर कातरायची कातर आणि मेंढ्यांचं औषध ठेवते. औषधाचा वास उग्र आहे, पण फळीवरच्या उंदरापेक्षा बरा. तळाचं वर्तमानपत्र अजून कुणी उचललेलं नाही. त्याखाली सव्वीस वर्षांच्या बाद बाया दबून आहेत. मला गंजायच्या आत कुणीतरी ते उचला आणि एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचा. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर ती सकाळ. “ज्याला नाव न्हाई, त्याची वळख न्हाई,” उकंडराव पुन्हा म्हणाले आणि माझं झाकण लावायला हात पुढं केला. केशरबाई उठली. तिनं झाकणावर आपला तळवा ठेवला, खांबाआडून पुढं आलेल्या सिंधूबाईंकडं एकदा पाहिलं, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली,

“उकंडदादा, बेचाळीस वर्सं झाली, हिचं नाव तुमी एकदाबी तोंडातनं काढलं न्हाई, नुसतं भागवतची माय म्हणता अन् हाकेला बराबर हीच येते, मंग ही बी बाद व्हय?”