माया ठेवून

आमच्या स्वरूपाला नोएडात नोकरी लागली, याचा आनंद मला जेमतेम आठवडाभर टिकला. मग तिनं सांगितलं की ऑफिसजवळच खोली बघितली आहे आणि रविवारी सामान हलवायचं आहे. दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरहून रोज मेट्रोनं जाऊन-येऊन करता येतं, हे मी तिला परोपरीनं सांगून पाहिलं. विनायक, म्हणजे माझा नवरा, पेपरात डोकं खुपसून बसला. आम्हा माय-लेकींच्या मध्ये तो कधीच पडत नाही.

शेवटी मी हो म्हटलं, पण माझ्या अटींवर. सकाळी ऑफिसात पोचल्यावर फोन, संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोन, मोबाइलवर लोकेशन कायम चालू आणि दर शुक्रवारी थेट घरी. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी तो होकार धरला.

खोलीवरून ऑफिसला जाण्यासाठी तिनं एक जुनी सायकल घेतली होती. सायकल चांगली, डिस्क ब्रेकची, पण ब्रेकच्या तेलाच्या नळ्या भलत्याच लांब. हँडलपुढे त्यांची वेटोळी अशी लोंबत होती, की कशात अडकली तर मुलगी रस्त्यावर आडवीच व्हायची. नळ्या घरीच आखूड करते म्हणाली. व्हिडिओ बघून ठेवला होता, सगळं बिल्कुल सोपं होतं म्हणे. शनिवारी सकाळी बाल्कनीत माझी जुनी चादर अंथरली गेली. तिनं हँडल सरळ धरलं, मागच्या ब्रेकची नळी मापली आणि खूण केली.

मी ऑफिसात दिवसभर फायली बघत असले, तरी हात शिवणकाम करणाऱ्या बाईचे आहेत. स्वरूपाचे शाळेचे फ्रॉकसुद्धा मीच शिवले. कुणी काही कापायला घेतलं की मला राहवत नाही.

"माया ठेव गं," मी म्हटलं.

ती हसली आणि तेलकट हातांनीच माझ्या गळ्यात पडली. "माया आहेच ना, यार आई."

मला गहिवरून आलं. तेवढ्यात तिनं नळी कापली.

पुढचं काम तिनं नेटकं केलं, खोटं कशाला बोलू? कापलेल्या टोकात बारीकसा पितळी तुकडा ठोकून बसवला, नळी पुन्हा हँडलवरच्या ब्रेकला जोडून पान्यानं आवळली, तेलात शिरलेली हवा काढली. ब्रेक छान कडक लागत होता. मग तिनं हँडल उजवीकडे वळवलं. नळी ताणली गेली आणि हँडल अर्ध्यावरच थांबलं.

मला आधी काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. सायकल नाही तर खोलीही नाही, असं मनानं जुळवूनसुद्धा टाकलं. मग तिचा उतरलेला चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

माया ठेव म्हणून सांगितलं होतं ना, असं मी म्हटलं, तर तिला त्याचा अर्थच लागेना. दिल्लीत वाढलेली पोर. माया म्हणजे प्रेम, एवढंच तिला माहीत. मी तिच्या कुडत्याची बाजू उलटी करून दाखवली. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, ती माया. अंग वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. माया नसली तर हात उचलताच काखेत फाटतो.

"अच्छा, मार्जिन," ती म्हणाली.

मार्जिन वहीला असतं, कपड्याला माया, असं मी तिला बजावलं. तिनं तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून पाहिला.

दुपारी झंडेवालानच्या सायकल बाजारात जाऊन ती नवी नळी घेऊन आली. या वेळी हँडल मला धरायला लावलं. मी ते उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं. तिनं नळीवर पेन टेकवलं आणि तशीच थांबली.

"आई," वर न बघता ती म्हणाली, "रोज दोन फोन, लोकेशन, प्रत्येक शुक्रवार. तू माझं माप हँडल सरळ धरून घेतलंयस. थोडी माया ठेव ना."

आत पेपरची सळसळ थांबली. मला आधी राग आला, मग रडू आलं. माझाच शब्द मला लागला होता. हिच्या एकेका फ्रॉकात मी न विसरता माया सोडली, कारण ही वाढणार हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

मी हँडल सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिचा पेन धरलेला हात दोन बोटं पुढे, नळीच्या टोकाकडे सरकवला.

"इथे काप," मी म्हटलं. "आणि शुक्रवारी जमलं तर ये."