रिंग जात होती

…चार बारीक निळे दिवे, त्यातले तीन लागलेले आणि चौथा उगाच लुकलुकणारा – दिपमाला मघापासून त्यांच्याकडेच बघत होती, आणि दूध पातेल्याच्या काठाशी आलं तेव्हा कुठे तिने गॅस बंद केला. साबणाच्या वडीहून थोडी मोठी, पांढरी, हाताला जड लागणारी वस्तू. वर मोबाईल कंपनीचं चिन्ह, खाली चिकटवलेल्या कागदावर ‘जुन्या ग्राहकांना मोफत भेट, विक्रीसाठी नाही’. पॉवर बँक. काल संध्याकाळी स्टँडवर धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरने ती तिच्या हातात दिली, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली, वरून सुतळी, आणि सुतळीला इतक्या गाठी की सोडवता सोडवता तिचं नख तुटलं. बरं, सोबतच्या वायरीची पिन जुन्या पद्धतीची, तिच्या फोनला बसतच नव्हती. म्हणजे वापरायचीही सोय नाही.

आईने पाठवली होती. नेरहून, दोन एकर आणि एका म्हशीत एकटी राहणाऱ्या आईने. नवऱ्याने, भूषणने, चहा पिता पिता ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘‘चांगली आहे की. प्रवासात कामाला येईल.’’ दिपमालाने त्याच्या हातून ती जवळजवळ ओढूनच घेतली. त्याला काय माहीत. तिच्या फोनची बॅटरी ठणठणीत होती, दीड दिवस सहज चालायची, आजवर कधीच संपली नव्हती.

संपते, असं ती आईला सांगायची.

पहिल्यांदा सांगितलं ते तोंडाला आलं म्हणून. साडेसहाचा सुमार, शाळेच्या ऑफिसातून ती नुकतीच आलेली, खांद्यावरची पर्स अजून खांद्यावरच, आणि फोन. रोजचा. काय रांधं, भूषणराव घर उनात का, तेजू जेवना का – आणि हे झालं की म्हशीचं, मग शेजारच्या बेबाबाईच्या सुनेचं, मग पुन्हा काय रांधं. त्या दिवशी तिने फोन ओट्यावर पालथा घातला. तो थरथरत, सरकत काडेपेटीला जाऊन टेकला, थांबला, पुन्हा थरथरू लागला, आणि ती समोर स्टुलावर बसून चहा पीत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बॅटरी संपनी व्हती वं माय. आई म्हणाली, ‘‘हां, व्हस तसं.’’ एवढंच. मग ते सोपंच झालं. आठवड्यातून दोनदा, तीनदा… दिवसभर दाखले, सह्या, शिक्के, पालकांची कटकट ऐकून मी घरी येते, मला अर्धा तास कुणाशी म्हणजे कुणाशी बोलायचं नसतं, यात मी कुणाचं काय घोडं मारलं? आणि हे असं आईला सांगता येतं का? आई म्हणेल, नको बोलू बाई, आणि दोन दिवस तिला भाकर गोड लागणार नाही. त्यापेक्षा बॅटरी बरी.

बरी होती, कालपर्यंत. रात्रीच्या जेवणाआधी भटूचा फोन आला. भटू तिचा चुलतभाऊ, आईला मोठी माय म्हणतो, तिच्या गल्लीतच राहतो, आईच्या फोनवर आलेले मेसेज तोच वाचून दाखवतो. कंपनीचा मेसेजही त्यानेच वाचला होता – जुन्या ग्राहकांना मोफत, नंबर ज्याच्या नावावर त्यानेच दुकानात यायचं, अंगठा द्यायचा.

‘‘अक्का, मोठी मायना आंगठाच उठे ना मशीनवर,’’ भटू सांगत होता, हसत होता. ‘‘तीन दाव गऊत आम्हीन देवपूरले. मी म्हन्तं, जाऊ दे, बजारमा नवी भेटस. पन ती ऐके ना. म्हने, पोरनं काम अडस.’’

अंगठा उठणार कसा? चाळीस वर्षं कापूस वेचून, शेण सारवून, म्हशीची दोरी ओढून त्या बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? पहिल्या दिवशी देवपूरच्या दुकानात रांगेत उभी राहून नंबर आला तोवर माल संपला. दुसऱ्या दिवशी दहाही बोटं झाली, मशीन काही केल्या हिरवं होईना, दुकानातला मुलगा म्हणाला, आजी, नाहीच लागत, राहू द्या. तिसऱ्या दिवशी आई बोटांना तेल चोळून गेली, आणि डाव्या हाताचं मधलं बोट एकदाचं लागलं. एप्रिलच्या उन्हात, त्या चारशे रुपयांच्या डबड्यासाठी.

आज सांगायचं. दिपमालाने वेणी घालतानाच ठरवलं होतं. साडेसहाच्या आत, आपणहून फोन करून, सरळ – माय, बॅटरी कधी संपलीच नाही, मी उचलत नव्हते. मग आईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पण दिवसच तसा निघाला. शाळेत आल्या आल्या कळलं की सर्व्हर बंद आहे, दाखले निघणार नाहीत. मुख्याध्यापकांना यादी आत्ताच्या आत्ता हवी. एक पालक जन्मतारीख बदलून द्या म्हणून टेबलावर हात आपटत उभे. तिला वाटलं, ह्यांनाच सांगावं सगळं, निदान आवाज चढवून तरी बोलता येईल. एक वाजता डबा तसाच ठेवून ती व्हरांड्यात गेली आणि फोन लावला.

‘‘दिपा, भेटनं का वं?’’ आईचा आवाज मोठा, फोनवर बोलताना नेहमी असतो तसा. ‘‘चार्जिंग कऱ्हं का त्याले? आते तुना फोन बंद पडाव नही. मन्हा जीवले घोर नही.’’

‘‘माय, आयक ना. तो फोन…’’

‘‘बोल.’’

‘‘काही नही. तू कसाले गई एवढा उन्हातान्हात?’’

‘‘त्यामा काय व्हस? मी काय आज उन्ह देखी ऱ्हायनू का?’’ आई हसली. ‘‘चाल, ठेव आते, मोटरले फोन लावना शे. रिंग गई ते लाईट शे, बाई बोलनी ते नही.’’

विहिरीवरच्या मोटरीला वडिलांनी सिम घातलेली पेटी बसवली होती. घरून त्या नंबरवर फोन करायचा. वीज असली की रिंग जाते आणि मोटर सुरू होते, वीज नसली की ‘हा नंबर बंद आहे’ म्हणून बाई बोलते. वडील गेल्यापासून आईच ते करते. दिपमालाने हे वाक्य शंभरदा ऐकलेलं, तिने हो हो म्हणून फोन ठेवला, चिडचिडत आत आली, स्वतःला दोन शिव्या घातल्या, आणि सर्व्हर सुरू झाला म्हणून कामाला लागली. तीन दाखले निघाले. चौथ्यावर शिक्का मारता मारता तिचा हात थांबला.

बंद असला की बाई बोलते.

तिचा फोन एकदाही बंद नव्हता. प्रत्येक वेळी रिंग गेली होती, अगदी शेवटपर्यंत, काडेपेटीला टेकेपर्यंत. आणि ती रिंग ऐकत होती ती आई – जिला अक्षर वाचता येत नाही, पण ओसरीत बसून नुसत्या रिंगवरून दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर वीज आहे का नाही ते कळतं. तिला बॅटरी सांगितली होती. चार महिने!

म्हणजे आईला माहीत होतं… किंवा नव्हतं. मोटरीची परीक्षा घ्यावी तशी लेकीची घेऊ नये, म्हणून तिने तो हिशोब केलाच नसेल. लेक म्हणते बॅटरी, तर बॅटरी. पण मग ते ‘हां, व्हस तसं’? ते किती पटकन म्हणाली होती आई, जणू वाटच बघत होती कारणाची. आणि माहीत असेल, तर ती तेल चोळलेली बोटं घेऊन तिसऱ्यांदा रांगेत कशासाठी उभी राहिली? टोमणा मारायला? आईला टोमणा मारता येत नाही. मग लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून? ते खरंच होतं असं वाटावं, दोघींनाही वाटावं, म्हणून? दिपमालाला हे सहन होईना. समोरचे पालक म्हणाले, मॅडम, शिक्का. आणि तिने तो इतक्या जोरात मारला की शाई सहीवर पसरली. दाखला पुन्हा काढावा लागला.

घरी आली. साडेसहा झाले. पावणेसात झाले. फोन ओट्यावर, या वेळी सरळ, आवाज पूर्ण वाढवलेला. आला नाही. सात वाजले. तिला आईचा रागच आला, सरळसरळ राग – एकदा भांडली असतीस तर काय बिघडलं असतं? उचलत का नाही म्हणून एकदा खडसावलं असतंस, तर मीही चार शब्द बोलले असते, रडले असते, संपलं असतं. सगळं गिळून बसतेस आणि वर भेटी पाठवतेस. माणसाने करायचं काय तुझ्यापुढे?

तिनेच लावला. रिंग गेली. जात राहिली, जात राहिली, मग आपोआप तुटली. म्हशीजवळ असेल. पुन्हा लावला. बेबाबाईकडे गेली असेल, फोन घरात राहिला असेल. तिसऱ्यांदा लावताना तिने कारणं शोधायची सोडून दिली आणि ती नुसती ऐकत राहिली. इतकी लांब असते ही रिंग, तिला माहीतच नव्हतं. तेजस येऊन म्हणाला, ‘‘आई, भूक लागली,’’ तिने त्याला हाताने थांबवलं.

समजा, आई ओसरीत बसली आहे, फोन समोर वाजतो आहे, आणि ती बघते आहे, उचलत नाही. असं असू दे, असंच असू दे, दुसरं काही झालेलं नसू दे, दिपमाला मनात म्हणत होती, आणि तिने चौथ्यांदा फोन लावला.