खडकावर पडलेली तार

माझ्या नवऱ्याला, धम्मपालला, रिले समजावून सांगायची भारी हौस. लांबलांबच्या हाय व्होल्टेज लायनींवर पहारा ठेवणारी ही यंत्रं तपासायची, हीच त्याची नोकरी. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरी आले की चहा निवेपर्यंत तेच पुराण.

"मामा, तार कितीही लांब तुटू दे, रिलेला कळतंच. डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन बंद! खाली आली की मेलीच समजा."

आबा जन्मभर वॉचमन, त्यांना ही पहाऱ्याची गोष्ट मनापासून पटली. काशीगावात परत गेले की ज्याला त्याला ऐकवायचे. माझी मात्र चिडचिड व्हायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा नवरा. पण आबांसमोर त्याला बोलायची सोय नव्हती.

२००७चा मे. काशीगावामागच्या डोंगरावर लायनीचा सांधा सुटला आणि तार पायवाटेवर, खडकात पडली. आबा आमच्या लेकीसाठी, दिव्यासाठी, करवंदं आणायला तिकडेच गेले होते. लाकडं घेऊन उतरणाऱ्या बायका तार बघून लांबच थबकल्या. गावात सकाळपासून लाइट नव्हती. गल्लीतल्या केबलचं काम चाललं होतं, डोंगरावरच्या तारेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आबांनी संबंध लावला.

"घाबरू नका गं. लाइट गेलीय ना? म्हंजे आमच्या जावयाच्या रिलेनं काम केलंय. थांबा, बाजूला करतो."

त्या बायकांतल्या अंबिकानं आम्हाला एवढं सांगितलं. पुढचं तिला सांगवेना.

चौकशी झाली. रिले ठीक होता, सेटिंगही बरोबर होतं. कोरड्या खडकावर पडलेल्या तारेतून जमिनीत करंट इतका थोडा जातो, की काही बिघडलंय हे रिलेला कळतच नाही. लाइन चालूच राहते. हे मला धम्मपालनंच सांगितलं, भिंतीकडे बघत. त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्याच गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

आबांचा जलदान विधी आटोपला, माणसं पांगली. आई धम्मपालसमोर येऊन बसली. जावयाशी ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती, आताही बोलली नाही.

"जावईबापू, तार खडकावर पडली तर रिलेला कळत न्हाई, हे तुमाला आधी ठावं व्हतं?"

नाही म्हण, मी मनात म्हणत होते. एकदा तरी खोटं बोल.

"होतं, मामी. आम्हाला शिकवतातच ते."

"मंग यांना का न्हाई सांगितलं?"



"ते ऐकून किती खूश व्हायचे," तो म्हणाला.

"व्हय. लई खूश व्हायचे," आई म्हणाली. मग डोळे पुसून उठली आणि जावयाचं ताट वाढायला आत गेली.