अध्यक्षांच्या तोंडातला पुरावा

मावशीची नवी कवळी पहिल्या दिवसापासून सैल होती. 'स' म्हटलं की खाली यायची. आठ महिने मावशी पातळ खाऊन राहिली. तिला फक्त शेंगदाणे चावायचे होते. दाताच्या डॉक्टरांनी दाद दिली नाही, म्हणून तिने दंतवैद्यांच्या परिषदेकडे तक्रार केली आणि पुरावा म्हणून कवळीच डबीत घालून पाठवली. पंधरा दिवसांनी डबी परत आली. सोबत एका ओळीचा निकाल: 'तपासली. नीट बसते. तक्रार बंद.'

"मला न बोलावता कुठे बसवून पाहिली यांनी?" मावशी म्हणाली. "आपलेच दात नि आपलेच ओठ, दुसरं काय."

ती कोर्टात गेली. मी सोबत, डबी सांभाळायला.

न्यायाधीशबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "कवळी चांगली की वाईट, हे मी ठरवणार नाही. परिषदेने तक्रार कशी तपासली, एवढंच पाहीन." मग त्या परिषदेच्या अध्यक्षांकडे वळल्या. "नीट बसते, हे कसं पाहिलंत?"

"घालून."

"कोणाच्या तोंडात?"

परिषदेच्या वकिलांनी फाईलमध्ये डोकं खुपसलं.

"माझ्या," अध्यक्ष म्हणाले. "आमची पद्धतच आहे ती. आधी जंतुनाशकात बुडवली होती. खरं सांगू, माझ्या स्वतःच्या कवळीपेक्षा छान बसली. माझी फार आवळते."

"तुमची कोणी केली?"

"त्याच डॉक्टरांनी. यांची केली त्याच आठवड्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि निकाल दिला. परिषदेचा निर्णय रद्द. तक्रार तीन महिन्यांत पुन्हा ऐकावी, या वेळी कवळी तक्रारदाराच्या तोंडात बसवून. अध्यक्षांनी त्यात बसू नये.

बाहेर व्हरांड्यात मावशीने अध्यक्षांना पाण्याच्या नळापाशी गाठलं आणि हात पुढे केला.

"काढा."

"अहो, पण असं नियमात..."

"माझी घातलीत तेव्हा कुठला नियम होता?"

अध्यक्षांनी भिंतीकडे तोंड करून काढली. मावशीनेही काढली. मी दोन्ही धुतल्या. घोटाळा नको म्हणून एक डाव्या हातात, एक उजव्या.

मावशीने त्यांची घातली. "सात सशांची सासू," ती म्हणाली. काही खाली आलं नाही. मग पर्समधून शेंगदाणा काढून तिने कुर्रकन चावला आणि डोळे मिटले.

"म्हणजे तक्रार मागे घेताय ना?" अध्यक्षांनी विचारलं. मावशीची कवळी घालून तेही आता स्पष्ट बोलत होते.

"छे. तपासणी चुकलीच होती की. तीन महिन्यांनी येते मी." मावशीने दुसरा शेंगदाणा काढला. "तोवर जपून चावा. पुरावा आहे तो."